सोप्या मराठीत

“बाई, हे जरा वाचून सांगाल काय?”

सुगंधानं पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. शनिवार होता. सकाळचं कॉलेज सुटलं होतं आणि स्टाफरूममध्ये मी एकटीच प्रथम वर्षाचे पेपर तपासत बसले होते. पुस्तिकेच्या निळ्या कव्हरवर खाडीचा फोटो होता. त्याखाली जाड अक्षरांत छापलं होतं, ‘प्रस्तावित रसायन प्रकल्प, सांदेली. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश.’

मी ती हातात घेतली नाही. त्यातला शब्द न् शब्द मीच लिहिलेला होता. माझं नाव मात्र कुठं छापलेलं नव्हतं.

“बुधवारी जनसुनावणी हाय,” समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसत सुगंधा म्हणाली. “कलेक्टर कचेरीतले मोठे साहेब येणार. कंपनी हवी की नको, ते गावाला विचारणार. सगळे मला म्हणाले, तू दहावी झालेली हायस, पंचायतीत हायस, तूच वाच आणि सांग. मी तीनदा वाचलं. मराठीच हाय, पण हातात काय गावत नाय.”

“पाणी देऊ का?”

“नको. आधी हे सांगा.”

सुगंधा नाटेकर ही सांदेलीच्या खारवीवाड्यातली. नवरा वर्षातले आठ महिने दुसऱ्याच्या ट्रॉलरवर, आणि घर चालायचं ते हिच्या डोक्यावरच्या पाटीवर. सुकती लागली, म्हणजे खाडीचं पाणी उतरलं, की वाड्यातल्या साठ-सत्तर बायका गुडघाभर चिखलात उतरायच्या आणि तिसऱ्या, मुळे, कालवं असे शिंपले काढून आणायच्या. अडतिसाव्या वर्षी तिनं दहावीला बसायचं ठरवलं. त्या दोन वर्षांत दर रविवारी मी सांदेलीच्या शाळेत बायकांचा वर्ग घेत असे. अकरा जणी होत्या, शेवटपर्यंत टिकली ती हीच. मराठीत तिला एकाहत्तर मार्क मिळाले, तेव्हा ती पेढे घेऊन नाही, डबाभर सोललेली कालवं घेऊन माझ्या घरी आली होती. मी पुराणिकांच्या घरची, आमच्याकडे मासळी शिजत नाही, हे आठवल्यावर दारातच एवढी हसली की मलाही हसू आवरेना.

तिनं मला त्याहून मोठं काहीतरी दिलं होतं. खाडीकाठच्या बायकांचे शब्द मी गोळा करत होते. भरती-ओहोटीचे, चिखलाच्या जातींचे, शिंपल्यांचे, जाळ्यांचे. सुगंधा सांगायची आणि मी कार्डांवर लिहून घ्यायचे. नऊशेच्या वर कार्डं झाली होती, चपलांच्या खोक्यांत भरून ठेवलेली. पुण्याच्या तीन प्रकाशकांनी ती परत पाठवली होती.

पराग देवस्थळी माझ्या घरी आला तो जनसुनावणीच्या आधीच्या डिसेंबरात. कंपनीचा जनसंपर्क अधिकारी. पस्तिशीचा असेल. चप्पल बाहेर काढून, वाकून आत येणारा, स्वच्छ मराठी बोलणारा माणूस. कॉलेजात असताना वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली, हे त्याच्या बोलण्यावरूनच कळत होतं.

“मॅडम, अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, तसा नियमच आहे,” तो म्हणाला. “एका एजन्सीकडून करून घेतलाय. पण काय सांगू, दोन पानंसुद्धा वाचवत नाहीत. लोकांच्या हातात असलं देणं म्हणजे त्यांची थट्टाच. शेवटी त्यांना मत द्यायचंय. त्यांना कळेल असं, सोप्या मराठीत हवंय. सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं.”

मला तो आवडला. आज हे लिहिताना कडू वाटतं, पण खरं तेच आहे. आमच्या तालुक्यात मराठीच्या प्राध्यापिकेकडे कुणी कशाला येत नाही. आलंच तर लग्नाच्या मंगलाष्टका तपासून घ्यायला येतात.

मी तीन आठवडे मनापासून काम केलं. आठव्या पानावर खाडीचं वर्णन होतं. तिथं इंग्रजीत नुसतं ‘शिंपले’ म्हटलेलं, मी तिथं तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं, शिणाणे अशी सगळी नावं ओळीनं घातली. पराग ते वाचून खूश झाला. अकराव्या पानावर कारखान्याचं सांडपाणी खाडीत सोडण्याचा मुद्दा होता. इंग्रजी वाक्य सरळ होतं, म्हणून मीही सरळच लिहिलं होतं: ‘पाणी सोडण्याच्या जागेपासून दीड किलोमीटरपर्यंत चिखलातले सर्व शिंपले मरतील, आणि कारखाना चालू असेतोवर ते पुन्हा येणार नाहीत.’

पराग ते पान घेऊन पुन्हा आला. वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती.

“बाकी सगळं अप्रतिम आहे मॅडम. एवढ्या एका वाक्यावर मुंबई ऑफिसचं म्हणणं आहे.”

“इंग्रजीत तसंच आहे,” मी म्हणाले.

“तसंच आहे. पण इंग्रजीत ते शास्त्राचं वाक्य वाटतं, मराठीत एकदम अंगावर येतं. ‘मरतील’ म्हटलं की माणसाला पुढचं काही ऐकूच येत नाही. रोजगार, दवाखाना, रस्ता, सगळं बाजूला राहतं.” त्यानं पान टेबलावर ठेवलं. “खोटं लिहा असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी तुम्ही लिहिणार नाही. फक्त शास्त्राचं शास्त्रासारखं राहू दे.”

चहा घेता घेता त्याची नजर कपाटावरच्या खोक्यांकडे गेली. त्यानं विचारलं, मी दाखवलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि तासभर कार्डं वाचत राहिला. एकेका शब्दाला दाद देत होता. उठताना म्हणाला, “हे छापलं गेलंच पाहिजे. आमच्या फाउंडेशनकडे मी शब्द टाकतो.” दोन्ही गोष्टींचा संबंध त्यानं जोडला नाही. मीही जोडला नाही. तो गेल्यावर मी पान अकरा पुढ्यात ओढलं आणि अर्ध्या तासात नवं वाक्य तयार केलं: ‘विसर्गस्थानाच्या परिसरातील तळजीवसृष्टीच्या रचनेत दीर्घकालीन स्वरूपाचे परिवर्तन संभवते.’

एकही शब्द चूक नव्हता. ‘तळजीवसृष्टी’ हा तर मीच घडवलेला. अवघड शब्दकोडं सुटल्यावर होतो तसा आनंद मला झाला होता. फोनवर पराग नुसतं “वा!” म्हणाला.

आता तेच पान उघडून सुगंधा माझ्यासमोर बसली होती. तिचं बोट त्याच ओळीवर होतं. नखाच्या कडांना चिखलाची रेघ होती, कितीही धुतली तरी न जाणारी.

“ही तळजीवसृष्टी म्हंजे आमच्या तिसऱ्याच ना?”

“हो. तिसऱ्या, मुळे. चिखलात राहणारं सगळंच.”

“आणि ‘रचनेत परिवर्तन’?”

“म्हणजे बदल.”

“कसला बदल?”

मी लाल पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. “कमीजास्त होणं. कुठं कमी होतील, कुठं वेगळं काही येईल.”

“मरतील काय?”

तिनं हे अगदी साधेपणानं विचारलं, एखाद्या डॉक्टरला विचारावं तसं.

“अगदी तसं नाही,” मी म्हणाले. “जिथं पाइप सोडणार तिथं थोडाफार फरक पडेल.”

“थोडाफार म्हंजे किती?”

“सुगंधाताई, मी काही शास्त्रज्ञ नाही. पण तपासल्याशिवाय सरकार परवानगी देत नाही कुणाला.”

“सरकारचं नाय विचारत मी.” तिनं पुस्तिका मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. “तुम्हाला विचारते. तुम्ही आमच्या वाड्यातल्या असता, तुमची पाटी असती, तर तुम्ही काय केलं असतं?”

व्हरांड्यात शिपाई वर्गांना कड्या लावत चालला होता. एकामागून एक कड्यांचा आवाज जवळ येत होता. तो दारापर्यंत यायच्या आत हे संपावं असं मला वाटलं.

“मला तर घाबरण्यासारखं काही दिसत नाही,” मी म्हणाले.

त्या तीन आठवड्यांत इतकं सोपं वाक्य मी लिहिलं नव्हतं.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून उठली. “बरं झालं विचारलं. तसंच सांगते मग गावाला.” दारात वळून म्हणाली, “बुधवारी या तुम्ही. तुम्ही असलात तर बोलायला धीर येतो.”

मी गेले. परागनं गाडी पाठवली होती.

सांदेलीच्या शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. खुर्च्यांना पांढरे कपडे, मधोमध पंखे, आणि एका बाजूला जेवणाच्या खोक्यांची रास. व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी, त्यांच्या शेजारी प्रदूषण मंडळाचे एक अधिकारी, मागं कॅमेरावाला. सगळ्याचं चित्रीकरण होत होतं, नियमाप्रमाणे. साहेब माणूस सभ्य होते. सुरुवातीलाच म्हणाले, “इथं कुणावर दडपण नाही. प्रत्येकाचं म्हणणं जसंच्या तसं नोंदलं जाईल.” आणि तसं ते नोंदलंही गेलं. त्या दिवशी त्या मांडवात नियम मोडून कुणी काही केलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.

सरपंच रस्त्याबद्दल बोलले. तरुण मुलांनी नोकऱ्या विचारल्या, पराग नम्रपणे उत्तरं देत गेला. मग मागच्या रांगेतून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पुढं आले. डॉक्टर इब्राहीम मुकादम. जिल्ह्याच्या ठिकाणी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हातात इंग्रजी अहवालाचा जाडजूड खंड.

“मी या गावचा नाही, मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पण हा अहवाल मी पूर्ण वाचलाय. बायांनो, ही खाडी दीड किलोमीटरपर्यंत मरणार आहे. तिसरी मिळायची नाही. यांनी स्वतःच इथं लिहिलंय.”

मांडवात एकदम गलका झाला. कुणीतरी ओरडलं, “कुठं लिहिलंय? दाखवा!”

“इंग्रजीत आहे. पान दोनशे...”

“आम्हाला मराठी दिलंय! त्यात नाय!”

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. “मराठी सारांश सर्वांकडे आहे. त्यात या मुद्द्यावर काही म्हटलंय का?”

तेव्हा सुगंधा उठली. निळी नऊवारी, केसांत अबोली. तिनं माइक हातात घेतला.

“पान अकरा, साहेब,” ती म्हणाली. “त्यात बदल होईल असं लिहिलंय. मरतील असं नाय लिहिलं. आम्ही आडाणी हाव, पण न विचारता आलेलो नाय. ज्यांना मराठी कळतं अशा जाणत्या माणसाला मी समोर बसून विचारलं. त्यांनी सांगितलं, घाबरण्यासारखं काय नाय. ह्या भल्या माणसाचा मी अपमान करत नाय.” तिनं मुकादमांना हात जोडले. “पण ते आज आले, उद्या जातील. आम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांचा शब्द आम्ही धरणार. आमची हरकत नाय. फक्त एक अट लिहून घ्या. पुस्तकात लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त नुकसान व्हायचं नाय.”

टाळ्या पडल्या. सर्वांत आधी परागनं वाजवल्या.

मुकादमांना काहीतरी बोलायचं होतं, पण माइक पुढं गेला होता. ते आपला खंड काखेत मारून मांडवाबाहेर पडले आणि उन्हातून चालत मुख्य रस्त्याकडे गेले. माइक माझ्यापासून चार खुर्च्यांवर होता. मी तो मागितला असता तर साहेबांनी दिला असता. मी मांडीवरच्या जेवणाच्या खोक्याची दोरी सोडत राहिले.

इतिवृत्तात नोंद झाली: ‘महिला प्रतिनिधींसह ग्रामस्थांनी प्रकल्पास सशर्त पाठिंबा दर्शवला.’

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दोन वर्षांत कारखाना उभा राहिला. त्या कार्डांचं माझं पुस्तकही निघालं, फाउंडेशनच्या खर्चानं, जाड कागदावर, रंगीत फोटोंसह. प्रकाशनाला सुगंधाला व्यासपीठावर बसवून शाल दिली. पुस्तक तिनं डोक्याला लावलं. कॉलेजला कंपनीनं सभागृह बांधून दिलं आणि उद्घाटनाचं निवेदन मी केलं.

पाइप सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी तिसऱ्या बारीक निघाल्या. दुसऱ्या वर्षी शिंपला उघडला की आत काळं पाणी. तिसऱ्या वर्षी सुकतीला बायका खाडीत उतरल्या आणि रिकाम्या पाट्या घेऊन वर आल्या. हे मला पेपरातून कळत होतं. सांदेलीला मी जात नव्हते. रविवारचा वर्ग कधीच बंद झाला होता.

गाव पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे गेलं. सुगंधा पहिली अर्जदार होती. मुकादमसाहेब, पंचाहत्तरीचे, प्रत्येक तारखेला पुण्याला जात होते. दीड वर्ष खटला चालला. पेपरात एकदा मधल्या पानावर बातमी आली होती की मराठी सारांश कुणी तयार केला याची माहिती गावाच्या वकिलांनी मागितली आहे आणि कंपनीनं ‘बाहेरच्या संस्थेकडून’ एवढंच उत्तर दिलं आहे. ती बातमी मी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून रद्दीत ठेवला. त्या वर्षी उपप्राचार्यपदासाठी माझं नाव होतं, आणि संस्थेच्या मंडळावर कंपनीचा एक माणूस आला होता. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली नव्हती. नुसता पेपर घडी केला होता.

अर्ज फेटाळला गेला. निकालात म्हटलं होतं की कंपनीनं काहीही लपवलेलं नाही. इंग्रजी अहवालात परिणाम स्पष्ट नमूद होता, मराठी सारांशातूनही ‘दीर्घकालीन परिवर्तना’ची पूर्वकल्पना दिली गेली होती, आणि जनसुनावणीत खुद्द अर्जदार क्रमांक एक यांनी ते वाचून व समजून घेऊन संमती दिली होती. माझं वाक्य अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं, निकालात छापलं होतं.

त्यानंतर दहा दिवसांनी मी सांदेलीला गेले. मूळ इंग्रजी पान आणि माझा पहिला मसुदा, दोन्ही एका पाकिटात घातलं होतं. एसटीतून उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. थांब्याच्या शेडमध्ये बारा-पंधरा बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या करड्या साड्या, गळ्यात ओळखपत्रं. त्यांत सुगंधा होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. केस पिकले होते आणि त्यांत फूल नव्हतं.

“बाई?” ती पुढं आली. “इकडं कशा? माझी दोनची पाळी हाय. कंपनीच्या कॅन्टीनला. बस येईल आता.”

“तुमच्याशी बोलायचंय. बाजूला येता का जरा?”

“इथंच बोला. ह्या काय परक्या नायत.”

मी आवाज खाली घेतला आणि सांगायला लागले. एखाद-दोन वाक्यं झाली असतील, तिनं मला थांबवलं.

“मोठ्यानं सांगा, बाई. वर्गात सांगायचात तसं. ह्यांनापण ऐकू दे.”

मग मी मोठ्यानं सांगितलं. ती निळी पुस्तिका मी लिहिली होती. आधी मी ‘सर्व शिंपले मरतील’ असं लिहिलं होतं, नंतर ते बदललं. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मला माहीत होतं. बोलता बोलता मी पाकीट पुढं केलं. बायका ऐकत होत्या. एका म्हातारीला नीट ऐकू आलं नव्हतं, तिला दुसरीनं कानाशी लागून चार शब्दांत सांगितलं. म्हातारीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

सुगंधानं पाकीट घेतलं नाही.

“ते तुम्ही लिहिलंत हे मला तेव्हाच ठाऊक होतं,” ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकून काही दुसरंच ऐकलं.

“आठव्या पानावर आमच्या शिंपल्यांची नावं होती. तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं, शिणाणे. मी तुम्हाला ज्या ओळीनं सांगितली होती त्याच ओळीनं. कंपनीच्या साहेबाला ती कुठनं कळणार? म्हणून तर मी तुमच्याकडे आले. नायतर तालुक्यात वकील काय थोडे होते?”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही...”

“काय बोलणार? मला वाटलं, लिहिताना भीड पडली असेल. मोठ्या माणसांचं काम, नाय म्हणता आलं नसेल. तोंडावर विचारलं तर सांगतील.” ती शांतपणे बोलत होती. “पुस्तकावर मी विश्वास नाय ठेवला, बाई. तुम्ही समोर बसून सांगितलंत त्याच्यावर ठेवला.”

पाकीट अजून माझ्याच हातात होतं.

“पुण्याला आमचे वकील विचारत होते, हे मराठी कोणी केलं, ठाऊक हाय काय? मुकादम सरांनी पण विचारलं. मी म्हटलं, नाय ठाऊक.”

“का?”

“पेपरात आलं होतं ना. वाटलं, वाचतील आणि येतील. आपल्या पायानं आलेल्या माणसाची साक्ष वेगळी, ओढून आणलेल्याची वेगळी. प्रत्येक तारखेला मी दाराकडे बघायची.” तिनं रस्त्याकडे, बसच्या दिशेनं पाहिलं. “आता आलात. निकाल लागल्यावर.”

“अजून वर अपील करता येईल. मी साक्ष देईन, लिहून देईन...”

“मुकादम सर गेले मंगळवारी,” ती म्हणाली. “निकालानंतर अंथरूणच धरलं त्यांनी. आणि आमच्या वाड्यातल्या चाळीस जणी आता हितं कामाला हायत. अपिलावर सही कोण करणार? नोकरी जाईल म्हणून माझीच सून मला करू देत नाय. त्यांना आता आमचं मत विचारायची गरज नाय राहिली, बाई. आमच्या गळ्यातच घातलंय.” तिनं ओळखपत्राला नुसता हात लावला.

बस आली. पांढरी, बाजूला कंपनीचं नाव लिहिलेली. बायका ओळीनं चढायला लागल्या. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, “मॅडम, एसटी आता पाचशिवाय नाही. गेटपर्यंत सोडतो, तिथून रिक्षा मिळेल.”

मी सुगंधाकडे पाहिलं.

“चला की,” ती म्हणाली. “उन्हात किती वेळ उभ्या राहाल?”

मी चढले आणि मधल्या एका दोघांच्या बाकावर खिडकीशी बसले. माझ्यामागून बायका चढत राहिल्या. बस भरली. सुगंधा पुढं दांड्याला धरून उभी राहिली, तिच्यामागं ती म्हातारी, आणखी दोघी. वळणांवर त्या एकमेकींवर आदळत होत्या. म्हातारीनं एका हातानं कंबर दाबून धरली होती. मी सरकून जागा दाखवली, “बसा ना” म्हणाले. तिनं ऐकलं नसेल असं मला वाटलं, म्हणून पुन्हा म्हणाले.

गेट येईपर्यंत वीस मिनिटं लागली. माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली.